बर्लिन रस्ता गोल आहे

बाबांनी नकाशा दिला नाही.
सायकल दिली, दांड्यावर बसवलेली सहाण,
आणि प्लास्टिकची पावरी,
कडेला त्यांच्या दातांच्या खुणा.
म्हणाले, आधी वाजव, मग थांब.
लोकांना सुरी सापडायला वेळ लागतो.

त्यांचा गुडघा आता उशीवर असतो,
आणि अख्खं ब्युनोस आयर्स माझ्या मांड्यांत.

सोमवारी बोएदो. कोपऱ्यावरचा रुफिनो
पाच सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो,
तान्ह्या बाळासारख्या.
भाव मात्र कसायासारखा करतो, कसाईच आहे.
मंगळवारी ओन्से. कापडाचे तागे फुटपाथवर उभे,
बस चुकलेल्या माणसांसारखे.
सूनजाबाई कात्री देऊन टाकत नाहीत,
एक कडी त्यांच्या बोटांत, एक माझ्या,
अशी लावायची धार.
सोलहून निघाली तेव्हा सोबत बरंच काही होतं म्हणे.
पोचली ती कात्री.

बुधवारी पार्के सेंतेनारियो.
बागेत कोण सुरी घेऊन येतं?
तरी बाबा म्हणाले, जा.
गेले. तळ्याकाठी बसले.
जुन्या पुस्तकांच्या टपरीवर एक माणूस
पानं हुंगून किंमत सांगत होता.
शेजारच्या पोराने, ओळख ना पाळख,
मातेचा तुंबा पुढे केला, नळीसकट.
कडू. ऊन. बदकं.
दिवसभरात एक पैसा नाही.
बाबा दर बुधवारी इथे बसून काय करत,
ते मला गुरुवारी कळलं.

गुरुवारी चाकारिता.
दफनभूमीच्या भिंतीसमोर फुलांची दुकानं,
देलमिराच्या कात्र्या पाण्याने गंजतात.
रविवारी लोकांना आपली माणसं आठवतात,
म्हणून गुरुवारी धार.

तिथून पार्के चास.
नाव बागेचं, आत नुसते रस्ते,
रस्त्यांना समुद्रापारच्या शहरांची नावं,
आणि बर्लिन नावाचा रस्ता गोल,
बांगडीसारखा, सांधा न दिसणारा.
शिरले बर्लिनमधून, नाकासमोर गेले:
निळी खिडकी, लिंबाचं झाड, कुत्रा,
पुन्हा बर्लिन.
पावरी वाजवत, घाम पुसत, पुन्हा खिडकी, लिंबू,
तिसऱ्या खेपेला कुत्रा भुंकलाही नाही.

दार उघडलं. झुलेमा नाव, हाताला कांद्याचा वास.
"तूही हरवलीस?
तुझा बाप दर गुरुवारी हरवायचा.
तीनदा जायचा इथून, मग मी सुरी घेऊन यायचे."

चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस.
डोळे बांधून सोडला
तर लिनिएर्सच्या बाजारात बरोबर उतरेल.

तिने सुरी दिली.
मूठ ठणठणीत, आणि पातं
गुरुवार गुरुवार झिजून
गवताच्या पात्याएवढं राहिलेलं.
अंगठा फिरवला.
धार होती. मागच्या वेळची, जशीच्या तशी.
हिने या सुरीने एक कांदाही चिरला नव्हता.

विचारायचं होतं.
पेडल मारलं, सहाण फिरू दिली,
सुरी दगडापासून केसभर लांब धरली
आणि चोरून एक गंजका खिळा टेकवला,
ठिणग्या उडाव्यात म्हणून.
ती ठिणग्यांकडे बघत राहिली.
पैसे घेतले. नसते घेतले तर तिला कळलं असतं.

"बाबांचा गुडघा गेलाय," मी म्हणाले.
"डावा."
तिने विचारलं नाही, सांगितलं.

बाहेर पडायला पाऊण तास लागला.
रस्ता विचारला त्या पोस्टमननेही
आधी स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

रात्री बाबांनी टोपी काढायच्या आत विचारलं,
"सगळीकडे गेलीस?"
"हो."
"हरवलीस कुठे?"
"तीनदा."

त्यांनी गुडघ्याखालची उशी सारखी केली,
ती सारखीच होती.
म्हणाले, "उद्या फ्लोरेस. चढ आहे.
लवकर ऊठ."